सराट्याच्या फुलाला विचार

वही मिटव बघू आधी. सहा लेन्सची नावं, प्रत्येकीपुढे किंमत, किमतीपुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली लाल पेनाने ‘ताईला विचारणे’. तुझं तोंड बघून मला माझ्या लग्नाचा बस्ता आठवला. पन्नास साड्या समोर पसरल्यावर मला एकही आवडेना, आणि शेवटी सासूबाईंनी जिच्यावर बोट ठेवलं ती घेऊन मी गप घरी आले. लेन्सचं तसं करू नकोस गं. पैसे तुझे आहेत, आणि ती वर्षानुवर्षं तुझ्याच गळ्यात राहणार आहे.

खरं सांगू का, लेन्स कुठली घ्यायची हा पहिला प्रश्नच नाही. फूल कुठलं काढायचं, हा आहे. तू म्हणालीस, “सगळीच.” बरं, सगळीच म्हणजे किती मोठी? इथं गप्प झालीस बघ.

चल, आपल्या अंतरवाली सराटीच्या शिवारातूनच एक चक्कर मारू. कापसाचं फूल घे. पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, आणि चांगलं मूठभर. त्याला मॅक्रो लेन्स लागतच नाही! कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली १८-५५ पुरते. मोसंबीचं फूल, तुरीचं फूल, ही मधली मंडळी. तुरीचं पिवळं, मागच्या बाजूने तांबड्या रेघांचं फूल जेमतेम दोन सेंटिमीटर असतं, त्याला जरा जवळ जावं लागतं. सोयाबीनचं फूल मात्र पानांच्या बगलेत लपलेलं, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. शेतकऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या कितीजणींनी ते नीट पाहिलंय, विचार कधीतरी. आणि मग आपला सराटा. गावाच्या नावातच सराटी, आणि बांधावर पायाखाली सराटा. सायकल पंक्चर करणारा काटा सगळ्यांना माहीत, पण त्याचं पाच पाकळ्यांचं पिवळंधमक फूल खाली वाकून कोण बघतंय? एक सेंटिमीटरचं ते. माझं सगळं फोटोग्राफीचं वेड त्या एका फुलापासून सुरू झालं, म्हणून मी लेन्सही त्यालाच विचारून घ्यायला सांगते.

२०२३च्या ऑगस्टअखेरीला मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि गावाचं नाव घराघरात टीव्हीवर गेलं, तेव्हाचं आठवतं ना? ऑक्टोबरच्या सभेला तर वर ड्रोन आणि खाली हातहातभर लांबीच्या लेन्स. त्यातला एक पोरगा आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबला होता. मी आपली विचारून बसले, “बाबा, एवढ्या मोठ्या नळकांड्यातून सराट्याचं फूल किती मोठं दिसेल?” तो हसला आणि म्हणाला, “मावशी, ह्याला चार फूट मागं उभं राहावं लागतं, त्याच्या आत ती फोकसच करत नाही.” त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. लांबचं जवळ आणणारी लेन्स वेगळी, जवळचं मोठं करणारी वेगळी. दोन्ही दिसायला लांबलचक, म्हणून गल्लत होते. तुझ्या वहीतली तिसरी बघ, ७०-३००, तिच्यावर मॅक्रो लिहिलंय म्हणून तू टिक केलीस. असल्या झूमवरचं ‘मॅक्रो’ बहुतेक वेळा अर्ध्यावर थांबतं, किंवा अर्ध्याच्याही आत. हळदीकुंकवाला ‘चांदीची वाटी’ म्हणून देतात ना, तसं ते.

आता हे अर्धं आणि पूर्ण काय, ते एकदाच नीट ऐक. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी काढ. तुझी १८-५५ पंचावन्नवर ने, जेवढं जवळ जाऊन फोकस होतो तेवढी जा, आणि पट्टीचा फोटो काढ. फोटोत डावीकडून उजवीकडे किती मिलिमीटर दिसतात ते मोज. माझ्या कॅमेऱ्यावर ते साधारण ६२ भरले. कॅमेऱ्यातला सेन्सर आहे २३.५ मिलिमीटर रुंद. म्हणजे खरी वस्तू सेन्सरवर एक-तृतीयांशाच्या जरा वर उमटली. खरी मॅक्रो लेन्स १:१ करते, म्हणजे पट्टीचे बरोबर साडेतेवीस मिलिमीटर अख्ख्या फोटोत भरतात. मग सराट्याचं सेंटिमीटरभर फूल फोटोची दोन-तृतीयांश उंची व्यापतं. साध्या लेन्सने तेच फूल रुंदीच्या सहाव्या हिश्शात बसतं, पिवळ्या टिकलीसारखं. ही पट्टीची परीक्षा करायला ना पैसे लागतात ना कुणाला विचारावं लागतं. आज रात्री जेवणं उरकली की करून टाक, आणि आकडा त्याच वहीत लिही. त्या सहा नावांवर काट मारून लिहिलास तरी चालेल.

आता माझा मूर्खपणा ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल.

माझा कॅमेरा दिराचा जुना, निकॉन डी ३४००. तो लग्नाचे फोटो काढायचा, नवा घेतला तेव्हा हा मला दिला. मी हुरळून गेले आणि संभाजीनगरला जाऊन जुनी ६० मिलिमीटरची मॅक्रो उचलली. वर ‘मायक्रो’ लिहिलेलं, त्यावरून आधी दुकानदाराशीच हुज्जत घातली, की मला मॅक्रो पाहिजे, मायक्रो नको. निकॉनवाले मॅक्रोलाच मायक्रो म्हणतात, एवढंही मला माहीत नव्हतं! घरी आणली, लावली, बटण दाबलं. ढिम्म. फोकस हलेना. तुझ्या डी ५६००चंही हेच होईल, म्हणून कान दे. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या आत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. नावात ‘एएफ-एस’ असेल तर आहे, नुसतं ‘एएफ’ असेल आणि शेवटी ‘डी’ असेल तर नाही. टॅमरॉनची जुनी ९० घ्यायची झाली तरी निकॉनसाठी ती दोन प्रकारांत निघाली, मोटरवाली आणि बिनमोटरची. विचारल्याशिवाय पिशवीत टाकू नकोस.

दोन रात्री मी रडले, आणि तिसऱ्या दिवशी उगाच हाताने रिंग फिरवत शेतात गेले. आणि बघ गंमत, एवढ्या जवळून ऑटोफोकस असला काय आणि नसला काय, तो पुढंमागं शोधतच बसतो. हातानेच रिंग एका जागी ठेवायची आणि आपण जात्यावर बसल्यासारखं अंगाने केसभर पुढं, केसभर मागं व्हायचं. केसरांवरचे पराग लख्ख दिसले की दाबायचं. आजही मी असंच काढते. मोटर नसल्याचं दुःख तिथंच संपलं.

पण त्या साठच्या लेन्सचं खरं दुखणं पुढं निघालं. १:१ करायचं तर तिला फुलाच्या चार बोटांवर न्यावी लागे. सराट्याचं फूल जमिनीलगत, मी वरून ओणवी, आणि लेन्सची आणि माझ्या डोक्याची सावली बरोबर फुलावर! उजव्या बाजूने जा, सावली. डावीकडून जा, काटा कोपरात. एकदा मी अशी पालथी पडून राहिले होते तर वरच्या बांधावरून दोघीजणी “अगं माय, वहिनीला चक्कर आली” म्हणून तांब्या घेऊन धावत आल्या. पाणी तोंडावर मारायच्या आत मी कॅमेरा पोटाखाली घेतला, नाहीतर ही गोष्ट तिथंच संपली असती.

म्हणून माझं म्हणणं ऐकशील तर वहीतली ती ४०ची स्वस्त आणि मस्त लेन्स सोड. ती वाईट नाही हं. २०११ची आहे, हलकी आहे, १:१ही करते. पण १:१ला ती फुलापासून साडेतीन सेंटिमीटरवर येते. काडेपेटीपेक्षा कमी अंतर! ताटात ठेवलेल्या मोगऱ्याला चालेल. मधमाशी बसलेल्या तुरीच्या फुलाला नाही, ती तुझ्याकडे बघून उडून जाणार. शंभरच्या आसपासची लेन्स १:१ करताना तुझ्या आणि फुलाच्या मध्ये वीतभर नाही तरी अर्धा फूट जागा ठेवते. त्या अर्ध्या फुटात ऊन येतं, तुझा हात जातो, आडवी आलेली गवताची काडी बाजूला करता येते. लेन्सची परीक्षणं वाचत बसशील तर धार, रंग, काचेचे थर, सगळं वाचायला मिळेल. शेतात उपयोगी पडतो तो हा अर्धा फूट. आणि एक सांगते, जाहिरातीत ‘किमान अंतर ३१ सेंटिमीटर’ असं लिहिलेलं असतं ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या टोकापासून नव्हे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलाला छेदणारी एक बारीक रेघ असते ना, तिथून. मी ते ३१ वाचून खूश झाले होते, एक फूट लांब राहता येईल म्हणून. त्यातली निम्मी जागा लेन्स स्वतःच खाते.

तुझ्या कॅमेऱ्याला माझ्या मते दोनच. एक ८५ची डीएक्स, २००९ची. वजनाला साडेतीनशे ग्रॅम, हात दुखत नाही, छिद्र ३.५पासून सुरू होतं पण फुलांना त्याने काही अडत नाही. दुसरी १०५ व्हीआर, २००६ची, जी माझ्याकडे आहे. पाऊण किलोच्या घरातलं धूड. तुझ्या छोट्या कॅमेऱ्यावर लावली की नाकापेक्षा मोती जड, पण उद्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतलास तरी ती चालेल, आणि जुन्या बाजारात ती सहज सापडते. टॅमरॉनची ९०ही त्याच पंगतीत बसते. ती कंपनी १९७९पासून ९०ची मॅक्रो काढते आहे. कॅननवाल्या मैत्रिणीला विचारलंस तर ती ईएफ १०० सांगेल, किंवा छोट्या सेन्सरसाठी ६०, आणि तिचंही काही चुकत नाही. ब्रँडवरून भांडू नकोस. ह्या सगळ्या मॅक्रो लेन्स आपल्यापेक्षा हुशार आहेत.

१०५ आणल्यावरही मी शहाणी झाले नव्हते, तेही सांगून टाकते. लेन्सवर लिहिलेलं एफ २.८. मी फुलाजवळ गेले तर कॅमेरा दाखवतोय ४.८. मागे आले, २.८. परत जवळ, ४.८. झालं, फसवलं मला! दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दुकानात. दुकानातला म्हातारा माणूस काही बोलला नाही, त्याने फक्त कपाटातली नवीकोरी लेन्स काढून लावून दाखवली. तीही ४.८. जवळ जाताना लेन्सच्या आतला पसारा बदलतो आणि उजेड कमी पोचतो, सगळ्याच मॅक्रोंचं असं होतं, निकॉनचे कॅमेरे फक्त खरं बोलतात. म्हणून तुझ्याबाबतीत असं झालं तर घाबरू नकोस, भाडं वाचव.

तुझा दुसरा प्रश्न व्हीआरचा. हात हलला तरी फोटो स्थिर येतो म्हणतात, त्याचे पैसे द्यायचे का? लांबून काढताना तो उपयोगी आहे. १:१च्या जवळ त्याचा जोर ओसरतो, कारण तिथं हात वरखाली होतो त्यापेक्षा अंग पुढंमागं झुलतं, आणि ते झुलणं कुठलीही लेन्स थांबवू शकत नाही. वर वारा! आपलं रान उघडं, नऊ वाजले की तुरीचा शेंडा नाचायला लागतो. सराटा जमिनीलगत असल्यामुळे वाऱ्यापासून वाचतो, पण तो उघडतोच ऊन आल्यावर, आणि दिवसभराचाच पाहुणा. बाकीच्या फुलांना सकाळी सातच्या आत जा. देठाशेजारी एक तुराटी रोव आणि कपड्याच्या चिमट्याने देठ हलकेच तिला टेकव. फूल नव्हे, देठ! मी सुरुवातीला उत्साहात फूलच चिमटीत धरलं होतं, पाकळीवर चिमट्याचे दात उमटलेला तो फोटो अजून आहे माझ्याकडे. ऊन कडक असेल तर पांढरी ओढणी दोन काठ्यांवर ताणायची, आणि सावलीच्या बाजूला घरातलं स्टीलचं ताट तिरकं धरायचं. ताटाला हळदीचा डाग नको, फोटोत पिवळा उजेड येतो. आलाय माझा.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त पोरी निराश होतात ती. लेन्स आली, जवळ गेलीस, फोटो काढला, आणि अर्धं फूल धूसर. तुला वाटेल लेन्स खराब, नाहीतर मी खराब. दोघीही नाही. छोट्या सेन्सरवर १:१ला एफ ८ ठेवलंस तर स्पष्ट दिसणारा थर पाऊण मिलिमीटरसुद्धा नसतो. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेव, साधारण तेवढा. सराट्याचे परागकोश लख्ख आले की मागच्या पाकळ्या विरघळणारच. छिद्र एफ ३२पर्यंत बारीक करशील, मी केलं होतं, तर सगळंच दुधात पाणी घातल्यासारखं मऊ होतं. उपाय सोपा आहे आणि कुणी सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नाही. १:१चा हट्ट सोड. अर्ध्यावर थांब, एफ ११ ठेव, की तोच थर अडीच मिलिमीटरच्या आसपास जातो. मग घरी कडेचं कापून टाक. दुसरं म्हणजे कॅमेरा फुलाला समांतर धर, पाकळ्या एका पातळीत आल्या की तेवढ्याच थरात सगळ्या मावतात. ट्रायपॉड असेल तर उत्तम, नसेल तर खताची रिकामी गोणी दुहेरी करून घडी घाल, तिच्यावर कोपरं टेकव. गोणी दुहेरीच हवी, एकेरीतून काटा आरपार येतो, आणि मग तू जो शब्द काढशील तो पोरांसमोर काढण्यासारखा नसतो.

हे ऐकून तू म्हणशील, मग अर्ध्यावरच थांबायचं तर १:१ची लेन्स कशाला? शहाणी आहेस. म्हणूनच माझा सल्ला आहे की लगेच काहीच घेऊ नकोस. तुझ्याकडे ५०ची एफ १.८ आहे ना, नवऱ्याने पोरांचे फोटो काढायला घेतलेली? तिच्यामागे एक्स्टेन्शन ट्यूब लाव. बांगड्यांसारख्या तीन पोकळ कड्या येतात, बहुतेक १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या. आत काच नाही काही नाही, नुसती लेन्स सेन्सरपासून लांब सरकते. हिशेब पोळीच्या हिशेबाइतका सोपा. कडीची लांबी भागिले लेन्सची लांबी. ५०च्या मागे साधारण २५ची कडी टाकलीस की अर्धं, पन्नासभर टाकलंस की १:१. फक्त विजेची टोकं असलेल्या, ज्यांना ऑटो म्हणतात त्याच कड्या घे. अगदी स्वस्तातल्या, नुसत्या धातूच्या घेतल्यास तर तुझ्या निकॉनच्या लेन्सचं छिद्र पार मिटून जाईल, कारण तिला स्वतःची छिद्राची रिंग नाही, आणि तू अमावस्येचे फोटो काढत बसशील. कड्यांनी पण फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं, सावलीचा त्रास होतोच. होऊ दे. एक पावसाळा त्या कड्यांवर काढ. तुला नेमकं किती अंतर हवं, किती मोठं हवं, आणि मुख्य म्हणजे सकाळी साडेसहाला घरातून निघणं तुला जमतं का, ते कळेल. जमत नसेल तर लेन्स कपाटात राहील आणि आपलं मन रोज खाईल. मला ठाऊक आहे, माझं शिलाई मशीन अजून तसंच आहे.

पैशाचं मोकळेपणाने बोलू या, तू त्यालाच अडखळतेस. शंभरच्या आसपासची नवी लेन्स घ्यायची म्हणजे कितीतरी क्विंटल कापूस गेला समज. घरात कुणी तोंडावर नाही बोललं तरी वेचणीच्या दिवसांत तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात असतो. जुनी घे गं. मॅक्रो लेन्स बाळगणारी माणसं बहुतेक जपणारी असतात, निम्म्या आसपास चांगली मिळते. पण बघून घे. आपला कॅमेरा बरोबर ने. मोबाइलची बॅटरी मागच्या बाजूने लेन्सच्या आत मार आणि तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, नमस्कार करून परत ये. धुळीचे चार कण असतील तर काही बिघडत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेलकट चमक नको. आणि पट्टी पर्समध्ये ठेव, दुकानातच १:१ करून मोज. दुकानदार हसेल, हसू दे, मग किंमत कमी करताना तोच गंभीर होतो.

आणल्यावर पावसाळ्यात ती लोखंडी कपाटातल्या कोंदट पिशवीत ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर महिन्याला पुड्या बदलायच्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नकोस! ओल शोषतात म्हणून मी ठेवली होती. ओल किती शोषली देव जाणे, पण रिंग फिरवली की तांदळाची पिठी कुरकुरायची. आमच्या ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, फक्त जेवताना म्हणाले, “भात आज फोकसमध्ये आहे.”

त्या ह्यांचंच सांगते. दोन वर्षं घरात माझ्या कॅमेऱ्याला ‘खेळणं’ म्हणायचे. मग एका सप्टेंबरात कापसात एक फूल दिसलं, उमलायच्या ऐवजी पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबकळीसारखं मिटलेलं. मला ते फार गोंडस वाटलं. गुडघ्यावर बसून काढलं, संध्याकाळी मोठं करून दाखवलं. पाकळीच्या कडेला रेशमासारखे धागे, आणि फटीतून तपकिरी डोक्याची बारीक, पांढुरकी अळी. ह्यांचा घास हातातच राहिला. ती डोमकळी होती गं! गुलाबी बोंडअळी लहानपणी पाकळ्या आतून शिवून टाकते, ती. गुलाबी होते ती नंतर, मोठी झाल्यावर. फोटो लगेच कृषी सहायकाला गेला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओळीओळीने हिंडून तशा कळ्या तोडून नष्ट करत होतो. त्यानंतर खेळणं हा शब्द घरात निघाला नाही. हल्ली उलट होतं, शेजारचे पानावरचे डाग घेऊन येतात, “वहिनी, जरा मोठं करून दाखवा.” पिकावरचे फुलकिडे मिलिमीटरभराचे, डोळ्याला धूळ वाटतात. लेन्सला त्यांचे झालरीचे पंख दिसतात. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला एखादा स्पष्ट फोटो पाठवलास तर तिथल्या माणसाला ओळखायला किती सोपं जातं बघ. तेव्हा घरी पैशाचा विषय काढशील तेव्हा सराट्यापासून सुरू करू नकोस, डोमकळीपासून कर. लबाडी नाही ही. दोन्ही कामं एकच लेन्स करते.

आणि कासच्या पठारावर जायचं तुझं स्वप्न मला माहीत आहे. जा की. तिथं वाटेवरूनच बघायचं, फुलांत पाय टाकायचा नाही, म्हणजे तिथंही तो अर्धा फूट, जमलं तर जास्त, तुझ्या कामी येणार. जायच्या आधी श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ कुठं मिळालं तर चाळ. २००१ साली आलेलं पुस्तक आहे, फुलं ओळखता यावीत म्हणून केलेलं. ते पाहिल्यापासून मला एक सवय लागली. नुसतं फूल काढून उठत नाही, पान, देठ, अख्खं झुडूप, तिन्हींचे फोटो काढते, नाहीतर घरी येऊन हे कोण ते कळत नाही. त्यासाठी लेन्स बदलावी लागत नाही, १०५ घेऊन चार पावलं मागं सरकलं की झालं. मॅक्रो लेन्स फक्त जवळचंच काढते असा एक समज आहे, तो खोटा. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यातले सगळ्यात चांगले फोटो ह्याच लेन्सने काढलेत. नवरीच्या मेंदीचेही, आणि रडणाऱ्या आजीचेही.

तर आता काय करायचं ते ठरलं. आज पट्टीचा फोटो. ह्या आठवड्यात कड्या मागव. रविवारी सकाळी ये, वडीगोद्रीच्या रस्त्याला आमच्या बांधावर सराटा भरपूर पसरलाय. साडेआठशिवाय तो काही उघडायचा नाही, म्हणून आधी तुरीत जाऊ, मग त्याच्याकडे. माझी १०५ तुझ्या कॅमेऱ्यावर लावून देते तासभर, वजन पेलतंय का ते तुझं तूच बघ. येताना पांढरी ओढणी आण, जुनी. आणि गोणी मी देते, पण पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून ये, मागच्या वेळच्या काट्याची खूण माझ्या कोपरावर अजून आहे. थांब, दाखवते.